खर्चावर कर हवा, तर खर्च करणाऱ्यावर लावा

उत्पन्नावरचा कर काढा आणि खर्चावर लावा, ही मागणी पुण्याला नवी नाही. नोटबंदीच्या आधीपासून 'अर्थक्रांती' या गटाची व्याख्यानं इथे व्हायची आणि लोक मन लावून ऐकायचे. अर्थक्रांतीचा प्रस्ताव बँकेतल्या व्यवहारांवरच्या कराचा होता. असा कर कापसापासून शर्टापर्यंत प्रत्येक टप्प्यावर साचत जातो, आणि नेमकं हेच साचणं थांबवायला पुढे जीएसटी आला. पण लोकांच्या मनात तो तपशील राहिला नाही. राहिलं ते एवढंच, की आयकर जाऊ शकतो.

आता ही मागणी वेगळ्या तोंडून येते. मी लोकांचे रिटर्न भरून देण्याचं काम करतो. जुलै उजाडला की हिंजवडीत, खराडीत नोकरी करणारी तिशीतली मुलंमुली फॉर्म १६ पुढे ठेवतात आणि विचारतात, "सर, पगार हातात यायच्या आधीच टीडीएस जातो. उरलेल्यातून काही घ्यायला गेलं की जीएसटी. एकाच पैशावर दोनदा कशाला? काय घ्यायचं ते एकदाच घ्या ना, खर्च करताना."

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पगारदाराला लपवायला जागाच नसते. त्याच्याच सोसायटीत राहणारा व्यावसायिक निम्मी रक्कम रोखीत घेऊन वर्षाचं उत्पन्न सहा लाख दाखवतो, हे त्याला दिसतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने कोरडवाहू शेतकऱ्याला जी सूट मिळते, तीच फार्महाऊसवाल्यालाही मिळते, हेही त्याला ठाऊक असतं. आणि एवढा कर भरून वाघोलीत किंवा बावधनमध्ये तो घर घेतो तेव्हा उन्हाळ्यात टँकरचे पैसे वेगळे मोजतो. त्याचा राग खरा आहे. मात्र त्या रागावर तो जो उपाय मागतो, त्याने भलत्याच माणसाचं नुकसान होणार आहे.

आधी उपायाची जमेची बाजू नीट मांडू. उत्पन्न म्हणजे माणसाने समाजाच्या कोठारात घातलेलं आणि खर्च म्हणजे त्याने तिथून काढून घेतलेलं, असं मानलं तर काढून घेण्यावर कर असावा हे न्यायाला धरून वाटतं. वर्षाला तीस लाख मिळवून साधेपणाने राहणारा आणि तेवढेच मिळवून सगळे उडवणारा, दोघांना सारखाच आयकर का? वाचवलेल्या पैशाच्या व्याजावर पुन्हा कर घेतला तर बचत करणाऱ्याला शिक्षा होते. शिवाय खर्चावरचा कर सगळ्यांकडून येतो, रिटर्नची कटकट नाही, नोटिसा नाहीत. हे मुद्दे पोकळ नाहीत. निकोलस केल्डॉर यांच्यासारख्या डाव्या विचारांच्या, विषमतेची चीड असलेल्या अर्थतज्ज्ञानेही यातले बरेचसे मांडले होते. त्यांच्याकडे मी पुढे येतो, कारण त्यांनी सुचवलेला कर आणि आज मागितला जाणारा कर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आज जे मागितलं जातं त्याचा अर्थ व्यवहारात एकच होतो: आयकर घालवा आणि तूट जीएसटीतून भरून काढा. मग आकडे बघू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात व्यक्तिगत आयकरातून १४ लाख कोटी रुपयांच्या वर रक्कम धरली होती. २०२४-२५ मध्ये केंद्र आणि सगळी राज्यं मिळून जीएसटीची एकूण वसुली २२ लाख कोटी रुपये झाली. आयकर शून्यावर आणून तेवढाच पैसा जीएसटीतून काढायचा तर जीएसटीचा प्रत्येक दर दीडपटीच्याही वर न्यावा लागतो. १८ टक्के ३० च्या घरात जातात, ५ टक्के ८ च्या पुढे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बरेच दर खाली आले, त्यामुळे हे अंतर आता आणखी मोठं आहे. आणि हा हिशेब दर वाढल्यावरही लोक पूर्वीएवढीच खरेदी करतील, पूर्वीएवढीच पक्की बिलं घेतील असं धरून केलेला आहे.

अमेरिकेत 'फेअर टॅक्स' नावाचा प्रस्ताव १९९९ पासून तिथल्या संसदेत पुन्हा पुन्हा मांडला जातो. आयकर बंद, त्याऐवजी देशभर एकच विक्रीकर. त्याचा दर २३ टक्के सांगितला जातो, पण तो करासह किमतीच्या प्रमाणात मोजलेला आहे. ७७ रुपयांच्या वस्तूवर २३ रुपये कर, एकूण १००. आपण जीएसटी ज्या पद्धतीने मोजतो त्या पद्धतीने तो ३० टक्के होतो. वेगळा देश, वेगळी व्यवस्था, तरी आकडा तिशीच्या आसपासच येतो.

आता ही तिशी कोण भरणार ते पाहण्यासाठी दोन घरं कल्पनेत घेऊ. पहिलं सुतारदऱ्यातलं. मावशी कोथरूडमध्ये चार घरी पोळ्या-भांडी करतात, नवरा रखवालदार आहे, दोघांचे मिळून महिन्याला २०,००० रुपये येतात आणि सगळे खर्च होतात. खोलीचं भाडं, मंडईतली भाजी, सुटं दूध, सुटे तांदूळ यांवर जीएसटी नाही. तेल, साखर, चहा, साबण, औषधं ५ टक्क्यांत आहेत. कपडे धुण्याची पावडर १८ टक्क्यांत, मोबाइलचा रिचार्जही १८ टक्क्यांत. कर लागणारा खर्च ९,००० धरला आणि सरासरी दर १० टक्के धरला, तर मावशींचं घर महिन्याला ९०० रुपये जीएसटी भरतं. गाडीत टाकलेल्या पेट्रोलवरचे अबकारी आणि व्हॅट वेगळे, ते जीएसटीत येतच नाहीत.

दुसरं घर बाणेरचं. पगार वर्षाला २४ लाख. नव्या पद्धतीने प्रमाणित वजावट घेऊन आयकर आणि उपकर मिळून २,९२,५०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २४,४०० होतात. महिन्याचा खर्च ८०,०००, त्यातून जीएसटी समजा ७,००० रुपये.

आता आयकर काढला आणि जीएसटी त्या प्रमाणात वाढवला. बाणेरच्या घराचे २४,४०० वाचले, जीएसटीपोटी साधारण ४,५०० जास्त गेले. महिन्याला जवळजवळ २०,००० रुपयांचा निव्वळ फायदा. मावशींच्या घराला वाचायला काही नव्हतंच. त्यांचे महिन्याला ५०० ते ६०० रुपये जास्त गेले, म्हणजे वर्षाकाठी सहा-सात हजार. रिचार्जचंच घ्या. २९९ रुपयांत आज ४५ रुपये कर आहे. दर ३० टक्के झाला की तोच रिचार्ज ३३० च्या आसपास जातो, आणि तो बाणेरला जेवढ्याला पडतो तेवढ्यालाच सुतारदऱ्यात पडतो.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. २०२५-२६ पासून वर्षाला १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला नव्या पद्धतीत आयकर लागत नाही. पगारदाराला वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. १४० कोटींच्या देशात प्रत्यक्ष आयकर भरणारे आधीच दोन-तीन कोटींच्या घरात होते. म्हणजे महिन्याला लाख रुपये मिळवणाऱ्या मध्यमवर्गीयालासुद्धा आयकर रद्द होण्यातून छदामही मिळणार नाही, फक्त महागाई मिळेल. 'मध्यमवर्गाला दिलासा' या नावाखाली जी मागणी फिरते, तिचा लाभ मध्यमवर्गाच्या वर बसलेल्यांना होतो.

यावर समर्थकांचं एक उत्तर असतं आणि ते विचार करायला लावणारं आहे: गरिबाने भरलेला कर त्याच्या खात्यात परत टाका. फेअर टॅक्समध्ये तशी मासिक परताव्याची सोय आहे. कॅनडा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना जीएसटीचा काही भाग परत देतो. आपल्याकडे आधार आहे, जनधन खाती आहेत, मग अडचण काय? अडचण महाराष्ट्राने नुकतीच पाहिली. लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले. २०२५ मध्ये पडताळणीत २६ लाखांहून जास्त खात्यांचे पैसे थांबवले गेले. त्यातली किती नावं खरोखर अपात्र होती हा वेगळा वाद आहे. मला एवढंच दाखवायचं आहे की खात्यात येणारा पैसा दर अर्थसंकल्पात, दर निवडणुकीत, दर केवायसीत नव्याने सिद्ध करावा लागतो. साबणाच्या किमतीतला कर मात्र कोणतीही केवायसी न मागता वसूल होतो. वसुली पक्की आणि परतावा बेभरवशाचा, अशा सौद्यात मावशींना ढकलण्याचा अधिकार मला किंवा माझ्या पक्षकारांना नाही.

'दुबईत आयकर नाही' हे वाक्य पुण्यात फार ऐकू येतं. दुबईच्या देशाकडे तेल आहे, आणि व्हॅट अवघा ५ टक्के, तोही २०१८ पासून. आपल्याला तुलना करायची तर ज्यांनी खर्चावरचा कर खरोखर जोरात वापरला त्यांच्याशी करावी. डेन्मार्कमध्ये व्हॅट २५ टक्के आहे आणि आयकर जगातल्या सर्वांत जड करांपैकी एक. न्यूझीलंडने ऑक्टोबर २०१० मध्ये जीएसटी साडेबारावरून १५ टक्के केला आणि आयकराचे दर उतरवले, पण त्याच दिवशी पेन्शन आणि भत्ते वाढवले, आणि आयकर ठेवला. आपल्याकडेही २००४ साली ज्या कृतिदलाने देशव्यापी जीएसटीचा आराखडा पुढे केला त्याचे अध्यक्ष विजय केळकर पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी जीएसटी सुचवला तो अबकारी, सेवाकर, विक्रीकर यांच्या गुंत्याला पर्याय म्हणून. त्याने आयकराची जागा घ्यावी ही कल्पना त्यात नव्हती.

चुकवेगिरीचंही पाहू, कारण 'खर्च लपत नाही' हा या मागणीचा मोठा आधार आहे. शहरातल्या कुठल्याही फरशीच्या किंवा प्लायवूडच्या दुकानात जा. माल ठरला, ४०,००० रुपये झाले, की पलीकडून विचारणा होते: "पक्कं बिल लागणार का? मग अठरा टक्के वेगळे." गिऱ्हाईक मनात ७,२०० चा हिशेब करतं आणि बहुतेक वेळा नको म्हणतं. कागदाच्या चिठोऱ्यावर आकडे लिहून मिळतात, माल टेम्पोत चढतो. घरी लागणाऱ्या वस्तूवरचा कर गिऱ्हाइकाला परत मिळत नाही, त्यामुळे त्याचं आणि दुकानदाराचं हित तिथे एकच असतं. दर ३० झाला की तोच मोह १२,००० चा होतो. आयकर चुकवणारे थोडे आणि मोठे असतात, त्यांच्यापर्यंत पोचता येतं. असा कर चुकवण्यात सगळं शहर सामील होतं.

मला याहून जास्त काळजी वाटते ती नागरिक म्हणून आपलं काय होईल याची. जो कर दिसतो त्याचा जाब विचारला जातो. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७० पासून होती. ती काढली गेली तेव्हा शहर उठलं. सोसायट्या, संघटना, सगळ्या पक्षांचे नेते त्यात पडले आणि २०२३ मध्ये सवलत परत आली. कारण बिल घरात येत होतं आणि त्यावर आकडा होता. याच शहरात २०१३ पर्यंत नाक्यांवर जकात वसूल व्हायची. महापालिकेची मोठी कमाई ती होती. जकातीविरुद्ध व्यापारी भांडले. पण ती जकात ज्यांच्या तेलामिठाच्या किमतीत शेवटी उतरायची त्यांनी कधी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. त्यांना ती दिसतच नव्हती. दोन-तीन कोटी लोकांना आज जो कर दिसतो, तोही किमतीत विरघळवून टाकला तर सरकारला हिशेब विचारणारा आवाज आणखी बारीक होईल.

आणि दिसणाऱ्या कराने काय करता येतं हेही याच राज्याने दाखवलं आहे. पगारपत्रकावर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसायकर कापला जातो. तो कशासाठी सुरू झाला हे तरुण पगारदारांना सहसा माहीत नसतं. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता, म्हणून १९७५ मध्ये हा कर आला. पुण्या-मुंबईतल्या नोकरदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या हजेरीपटासाठी पगारातून दिलेला पैसा! कोण देऊ शकतं आणि कोणाला हवं आहे, हे विचारून बसवलेला असा कर वस्तूच्या बिलावर बसवता येत नाही. बिलाला माणूस कळत नाही.

हा वाद पुण्याने सव्वाशे वर्षांपूर्वी केला आहे. गोपाळ कृष्ण गोखले मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याला वरिष्ठ कायदे मंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले, तेव्हा मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. सरकारची तिजोरी शिलकीत असताना गरिबाच्या मिठावर एवढा कर का, हा त्यांचा सवाल होता. त्याच सुमाराला आयकराची सूटमर्यादा ५०० वरून १,००० रुपये करा, हीही त्यांची मागणी होती. १९०३ मध्ये दोन्ही झालं. मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एकावर. गोखले लहान पगारदाराच्या बाजूने बोलले आणि मीठ खाणाऱ्याच्या बाजूनेही बोलले. एकाचं ओझं उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवा असं त्यांनी म्हटलं नाही. बीएमसीसी रस्त्यावर त्यांच्या नावाची अर्थशास्त्राची संस्था १९३० पासून उभी आहे. तिथेच दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचं मोजमाप मांडलं, आणि ते मोजलं कुटुंबाच्या खर्चावरून. गरिबाचा खर्च म्हणजेच त्याचं सगळं उत्पन्न असतं.

बचतीच्या मुद्द्याला थोडक्यात उत्तर देतो. बचतीला सूट देणारा आयकर आपल्याकडे होताच. ८० सी कलमाखाली दीड लाखांची वजावट, पीपीएफचं व्याज करमुक्त. जुन्या पद्धतीत तो अजून आहे, पण २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ८० सीची वजावट नाही. बचतीची ज्यांना मनापासून चिंता आहे त्यांनी ती सूट परत मागावी. त्यासाठी आयकर बुडवण्याची गरज नाही. 'वाचवलेला पैसा कधीतरी खर्च होईल तेव्हा कर मिळेलच' हेही पूर्ण खरं नाही. मोठी संपत्ती आयुष्यभरात खर्च होतच नाही, ती मुलांकडे जाते. मृत्युकर १९८५ मध्ये गेला, संपत्तीकर २०१५ मध्ये. आयकरही गेला तर चार फ्लॅट आणि भरलेलं डीमॅट खातं एका पिढीकडून दुसरीकडे जवळपास करावाचून सरकत राहील.

आता केल्डॉर. १९५६ मध्ये ते भारतात आले, आपल्या करव्यवस्थेचा अभ्यास केला आणि व्यक्तीच्या एकूण वार्षिक खर्चावर चढत्या दराने कर लावा असं सुचवलं. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी १९५७ मध्ये तसा कायदा आणला. १९५८ पासून तो लागू झाला, १९६२ मध्ये मोरारजी देसाईंनी काढला, १९६४ मध्ये कृष्णम्माचारींनी परत आणला आणि १९६६ मध्ये तो कायमचा गेला. मोजक्या श्रीमंतांना लागू, त्यात सवलतींची भोकं, हाती आलेली रक्कम नगण्य. कोणी किती खर्च केला हे शोधायची साधनं तेव्हाच्या अधिकाऱ्यांकडे नव्हती.

आज आहेत. वर्षात दहा लाखांच्या वर क्रेडिट कार्डाचं बिल भरलं की बँक ते आयकर खात्याला कळवते. तीस लाखांच्या वरची मालमत्ता, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, परदेशी पाठवलेली रक्कम, सगळं पॅनला जोडलेलं आहे. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर आणि २०२५ पासून तेवढ्या किमतीच्या घड्याळावर, हँडबॅगेवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विकतानाच घ्यायचा आगाऊ आयकर, वसूल होतो. मी रोज ज्याच्यासमोर बसतो त्या वार्षिक माहिती विवरणात हे एकाखाली एक दिसतं. वर्षाचं उत्पन्न घ्या, मोडलेली गुंतवणूक आणि काढलेलं कर्ज त्यात मिळवा, नव्या गुंतवणुकीत गेलेलं वजा करा. उरला तो खर्च. त्यातून आजारपण आणि शिक्षण वगळा, आणि समजा वर्षाला ५० लाखांच्या वर जो खर्च असेल त्यावर चढता कर लावा, आयकराच्या जोडीला. त्यातून येणाऱ्या पैशात पहिल्यांदा कपडे धुण्याच्या पावडरीवरचे आणि रिचार्जवरचे १८ टक्के खाली आणा. उधळपट्टीवर कर आणि बचतीला मान, हे सगळं यात मिळतं. खर्चावर कर हवा म्हणणाऱ्यांपैकी हा कर मागणारा मला अजून भेटलेला नाही.

यालाही वाटा फुटतील. गाडी, घर, परदेशवारी कंपनीच्या नावावर टाकली जाईल. ती पळवाट आजही आहे. कंपनीने पुरवलेल्या सोयींचं मूल्य माणसाच्या उत्पन्नात धरण्याचे नियमही आहेत, ते घट्ट करावे लागतील. वारसाहक्काने जाणाऱ्या मोठ्या संपत्तीवर कर परत आणल्याशिवाय हा कर अपुरा राहील, आणि तो आणायला राजकीय धैर्य लागेल. पण माहिती नाही ही १९६६ ची सबब आता चालणार नाही. ती दर वर्षी खात्याच्या संगणकावर येऊन पडते, आणि सध्या तिचा उपयोग फक्त आयकराच्या नोटिसा काढण्यापुरता होतो.